तेल न पिणारी गाडी

गाडी पहिल्यांदा अडखळली ती स्वारगेटच्या सिग्नलला. हिरवा दिवा लागला, यांनी क्लच सोडला आणि आमची जुनी पिकअप पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी थरथरली. मागच्या बसने हॉर्न दाबून धरला. मग काहीतरी विसरलेलं आठवावं तसं इंजिनाने एकदम उचल खाल्ली आणि आम्ही चौक पार केला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. डिझेलमध्ये कचरा आला असेल."

नवरा 'काही नाही' म्हणाला की मी घड्याळ बघते. ही सवय मला लग्नानंतर लागली आणि तिचा आजवर फायदाच झाला आहे. अकरा वाजायला आले होते. तीन वाजेपर्यंत आम्हाला नगर रस्त्यावरच्या एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत पोचायचं होतं. हाती भरपूर वेळ होता, आणि तरीही मी तो मोजायला लागले.

आमचा धंदा झाडं भाड्याने देण्याचा. सिंहगड रस्त्याच्या बाजूला कराराने घेतलेल्या जागेत आमची नर्सरी होती. तिथे वाढवलेल्या कुंड्या ऑफिसांमधून ठेवायच्या, दर पंधरवड्याला थकलेल्या परत आणायच्या आणि ताज्या नेऊन ठेवायच्या. काचेच्या बंद इमारतीत झाडं फार दिवस खूश राहत नाहीत, म्हणून आमचं पोट चालत होतं. त्याआधी हे पिंपरीकडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. कारखान्याने नवी यंत्रं आणली आणि जुन्या माणसांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद ठेवले. त्यात 'स्वेच्छा' किती होती ते सही करणाऱ्यांनाच ठाऊक. हातात आलेली रक्कम नर्सरीत गेली. उरलेल्यात ही पिकअप आली, तीही तिसऱ्या मालकाकडून.

नवी कंपनी मिळाली तर आमचं बस्तान बसणार होतं. बाकीची ऑफिसं लहान होती, त्यांच्यावर जागेचं भाडंही जेमतेम निघे. या कंपनीत त्या दिवशी चार वाजता परदेशातले मोठे पाहुणे यायचे होते. व्यवस्थेचं बघणाऱ्या मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "आधीच्या माणसाची झाडं आम्ही काल बाहेर काढली आहेत. तीनला मागचं गेट बंद होईल, पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी. तुम्ही आला नाहीत तर मला उद्या त्यालाच हात जोडावे लागतील." मॅडम आमच्या मुलीच्या वयाच्या होत्या, पण बोलणं स्वच्छ होतं. मला असं बोलणं आवडतं. कुठे उभं आहोत ते कळतं.

गाडीत पुढे आम्ही दोघं. मागे कुंड्यांच्या मधोमध पोतं टाकून मावशी बसल्या होत्या. त्या परभणीकडच्या, नर्सरीत पहिल्या दिवसापासून आमच्याबरोबर. यांनी पिकअपवर स्वतःच्या हाताने लोखंडी सांगाडा जोडून वर हिरवी जाळी ताणली होती. त्यामुळे उंच अरेका पाम उभेच्या उभे राहत आणि त्यांच्या झावळ्या मोडत नसत. शहरात कुठल्याही टेंपोत ही सोय नव्हती. हे त्या सांगाड्याकडे बघायचे तेव्हा टूलरूममधला माणूस परत आल्यासारखा वाटे.

रोज सकाळी निघण्याआधी एक विधी असे. बॉनेट उघडायचं, इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, परत बुडवून काढायची आणि मला हाक मारायची. "बघ. खुणेला टेकलंय. एवढी जुनी गाडी, पण तेल पीत नाही हे इंजिन." शेजारच्या गॅरेजवाल्याच्या गाड्या तेल प्यायच्या, आमच्या व्याह्यांची नवीकोरी गाडी प्यायची, आमची नाही. मी मान डोलवायची आणि माझ्या कामांच्या यादीत पुढच्या ओळीकडे वळायची. गेल्या दोन-तीन महिन्यांत तर पट्टी दाखवताना यांचा आवाज आणखीनच चढा झाला होता.

बंडगार्डनचा पूल चढताना गाडीने दुसऱ्यांदा मान टाकली. पूल कसाबसा उतरलो. येरवड्याच्या बाजूला आल्यावर इंजिनाने दोनदा खोकल्यासारखं केलं आणि ते बंद पडलं. उताराच्या वेगात यांनी गाडी कडेला घेतली. नशिबाने तिथे शिरीषाचं मोठं झाड होतं. एप्रिलचं ऊन होतं, त्या सावलीशिवाय आमचा माल तासाभरात करपला असता.

हे उतरले. मीही उतरले. यांनी बॉनेट उघडून फिल्टरवरचा एक छोटा स्क्रू सैल केला आणि खाली इंजिनाच्या बगलेला असलेल्या पंपाची दांडी बोटाने वरखाली करायला लागले. हा पंप टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाला पाजतो. स्क्रूच्या तोंडाशी डिझेलची धार यायला हवी होती. आले फक्त बुडबुडे, लहान मुलाने ओठांनी काढावेत तसे.

"पंप गेला," हे म्हणाले.

"मी टेंपो बघते."

"अर्ध्या तासाचं काम आहे."

"पंप आहे का आपल्याकडे?"

"नाही."

"मग अर्धा तास कशाचा?"

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून दोन टेंपो थांबवले. पहिल्याने आत वाकून बघितलं आणि विचारलं, "आडवी टाकायची का झाडं?" मी नाही म्हटल्यावर तो निघून गेला. दुसरा म्हणाला, "माती सांडंल ओ बाई, मला परत मार्केटयार्डात आंबा भरायचाय." सगळं उतरवायचं, आडवं टाकायचं, परत उतरवायचं. निम्मे पाम मोडले असते, आणि मोडका पाम पाहुण्यांपुढे ठेवण्यापेक्षा रिकामी फरशी बरी. मी परत आले.

"काढा पंप," मी म्हटलं. "मी नाना पेठेतून नवा आणते. दुकान एकला बंद होईल."

"नंबर लिहून घे."

"नंबर नको, नमुना द्या."

पुण्यात सुटे भाग घ्यायला जाणाऱ्याला हे माहीत असतं. जुना भाग हातात असल्याशिवाय दुकानदार नवा दाखवत नाही, आणि तो बरोबर करतो. यांनी दोन्ही नळ्या सोडवल्या. टाकीकडून येणारी नळी गळायला लागली तेव्हा मावशींनी कुंडीतल्या आधाराच्या काठीचं टोक विळ्याने तासून बूच करून दिलं. दोन बोल्ट निघाले. बारा वाजून गेल्यावर पंप माझ्या हातात आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला आणि डिझेलने थबथबलेला. मी रिक्षा थांबवली.

वाटेत पर्समधला मोबाइल वाजला. आलेल्या फोनचेही पैसे पडायचे ते दिवस, त्यामुळे लोक फोनवर पाल्हाळ लावत नसत. कंपनीच्या मॅडम होत्या.

"कुठपर्यंत आलात?"

"येरवडा," मी म्हटलं. गाडी येरवड्यातच होती. मी स्वतः उलट्या दिशेने स्टेशनजवळ होते हे त्यांनी विचारलं नव्हतं.

"म्हणजे पोचताच आहात. छान." फोन बंद झाला.

नाना पेठेत पोचले तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं होतं. मी वाकून आत गेले. गल्ल्यामागे सत्तरीचे गृहस्थ चष्मा डबीत ठेवत होते.

"एक वाजतोय," ते म्हणाले.

"वाजतोय. वाजला नाही अजून."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चष्मा डबीतून परत काढला. "नमुना आणलाय, का गाडीचा रंग सांगणार आहात?"

मी पुडकं फळीवर ठेवलं.

"आणलाय! सकाळी एक जण चित्र काढून घेऊन आला होता. चांगलं होतं चित्र. मी त्याला म्हटलं, घरी लावा." बोलता बोलता त्यांनी मागच्या फळीवरून दोन खोकी काढली आणि दोन पंप माझ्या पंपाशेजारी मांडले. तिन्ही सारखेच दिसत होते. "हा आखूड हाताचा, हा लांब हाताचा. चुकीचा बसवलात तर आत हात मोडेल आणि तुम्ही मला नावं ठेवाल. नावं ठेवायला माझ्या घरी माणसं आहेत." त्यांनी पट्टी लावून आत जाणारा दांडा मोजला. एकदा मोजून समाधान झालं नाही, परत मोजला. मला वाटत होतं, ती पट्टी हिसकावून घ्यावी आणि स्वतः मोजावं.

"हा," शेवटी ते म्हणाले. "खोकं उघडून बघा. आत सांध्यात बसवायचं कागदी पॅकिंग असायला हवं."

मी उघडलं. पॅकिंग नव्हतं.

"बघा. असेच घेऊन गेला असता आणि दीड वाजता दार वाजवलं असतं. मी चारपर्यंत झोपलेला असतो, बाई. दारावर पाटी आहे, तरी लोक वाजवतात. त्यांना वाटतं, पाटी शोभेला आहे." त्यांनी खणातून पॅकिंग काढून दिलं, जुना पंपही माझ्या हातात परत ठेवला. "हा न्या. माझ्याकडे संग्रहालय नाही."

मी शटरखालून वाकून बाहेर पडले आणि ते पाठोपाठ खाली आलं.

परत आले तेव्हा मावशी गाडीच्या मागे उभ्या राहून झारीने पानांवर पाणी मारत होत्या. सावली सरकली होती. गाडीचा मागचा भाग उन्हात आला होता आणि तिथे नाजूक नेच्यांच्या कुंड्या होत्या.

"ताई, ह्या नेच्यांनी माना टाकल्या बघा," त्या म्हणाल्या. "मी दोनदा पानी मारलं. पर ऊन लई हाय, वरून मारलं की भाजतंय. आन साहेब तिकडं मुक्यानंच बसलेत."

हे पुढच्या चाकाशी बसून ब्लेडने इंजिनावर चिकटलेलं जुनं पॅकिंग खरवडत होते. मी नवा पंप दिला. यांनी तो उलटसुलट करून बघितला, मान हलवली आणि बसवायला घेतला. पंपाचा दांडा आत फिरणाऱ्या दांड्यावर नीट टेकावा लागतो. टेकला नाही आणि बोल्ट आवळले तर मोडतो. एकदा बसवला, मनासारखा बसेना. परत काढला. मला बोलायचं असताना गप्प राहणं फार जड जातं.

मग यांचे हात थांबले.

पंपाच्या जागी इंजिनाला भोक होतं, आणि त्या भोकाच्या खालच्या कडेवरून तेल ओघळत होतं. यांनी ते बोटावर घेतलं, अंगठ्याने चोळलं आणि नाकाशी नेलं. मग उठून मोजायची पट्टी काढली.

ती पुसली, बुडवली, काढली. तेल खुणेच्या वर होतं. चांगलं बोटभर वर.

"वाढलंय," मी म्हटलं.

"वास घे."

मी घेतला. ते डिझेल होतं.

हे जुना पंप हातात घेऊन माझ्याशेजारी उभे राहिले. त्यात रबराचा एक पडदा असतो. एका बाजूला डिझेल, दुसऱ्या बाजूला इंजिन. तो फाटला होता, आजचा नाही, केव्हाचाच. थेंब थेंब डिझेल इंजिनाच्या तेलात उतरत होतं. इंजिन आपलं तेल पीत होतं, आणि तेवढंच डिझेल वरून पडून पट्टी पुन्हा खुणेला टेकत होती. या आठवड्यात फाट मोठी झाली असणार.

"आणि मी रोज सकाळी तुला कौतुकाने दाखवत होतो," हे म्हणाले.

"त्याचं पुढे बघू. आता काय होणार ते सांगा."

"तेल पाण्यासारखं पातळ झालंय. अशी चालवली तर इंजिन धरेल, आतल्या आत जाम होईल. लगेच किंवा थोड्या वेळाने."

"थोड्या म्हणजे किती?"

"ते कोणी सांगू शकत नाही." यांनी नगर रस्त्याकडे बघितलं. पावणेदोन झाले होते. "फार लांब नाही. पंप आत्ता बसवतो. हळू नेऊ. पोचेल."

"आणि नाही पोचली तर?"

"तर इंजिन गेलं." यांनी हात पुसायला सुरुवात केली, जरा जास्तच निगुतीने. "जाऊ दे. तुझं काम जायला नको. गाडी काय, लोखंडच आहे."

हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलं होतं याची गणती नाही. मीच या गाडीला भंगार म्हणायची, विकून भाड्याचा टेंपो लावू म्हणायची, आणि हे दोन-दोन दिवस माझ्याशी धड बोलायचे नाहीत. कारखान्यातून बाहेर पडल्यावर यांच्या हाताखाली राहिलेलं हे एवढंच यंत्र होतं. आता तेच वाक्य यांच्या तोंडून ऐकलं आणि मला अजिबात आवडलं नाही.

"तेल काढा," मी म्हटलं.

"वेळ नाही, अगं."

"इंजिनाने वाटेत धरलं तर कामही गेलं आणि गाडीही गेली. तेल बदललं तर फार तर काम जाईल. काढा. मी नवं आणते. पुढे पेट्रोलपंप आहे."

"काढू कशात? रस्त्यावर सोडू?"

मी मावशींकडे बघितलं. मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि त्या पटकन मोठ्या कुंडीखालच्या प्लास्टिकच्या तबकडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ताई, ह्या नव्या हायत."

"द्या, मावशी."

"नव्याकोऱ्या हायत, ताई. आन मग कुंडीचं पानी फरशीवर पडलं म्हंजे?"

"बघू. द्या."

त्यांनी दिल्या, पण नाइलाजाने. मी तशीच भर उन्हात पेट्रोलपंपाकडे चालत निघाले. चालत म्हणणं बरोबर नाही, मी पळतच होते, आणि साडी नेसून पळणाऱ्या बाईकडे लोक बघतात. परत आले तेव्हा यांनी इंजिनाखालचा बोल्ट उघडला होता. तेल घट्ट मधासारखं पडायला हवं, ते वरणाच्या पाण्यासारखं धावत तबकडीत पडत होतं. एक भरली, दुसरी भरली. मावशी वाकून बघत म्हणाल्या, "एवढं पिऊन बसली व्हती, आन आपन म्हनायचो पीत न्हाई."

हे हसले नाहीत. पण पंप बसवताना या वेळी दांडा पहिल्याच फेरीत टेकला. मी दिवा धरल्यासारखा आरसा धरून उभी होते, माझ्या पर्समधला, म्हणजे यांना खालचा बोल्ट दिसावा. पॅकिंग, पंप, बोल्ट, नळ्या. नवं तेल ओतलं. मग हवा काढायची. स्क्रू सैल करून पंपाची दांडी वरखाली. बुडबुडे. बुडबुडे. परत बुडबुडे. मी मनातल्या मनात कंपनीचे मजले मांडत होते: आधी स्वागतकक्ष, मग लिफ्टसमोरची जागा, मग सभेची खोली. उशीर झालाच तर चौथा मजला सोडून द्यायचा. पाहुणे तिथे जाणार नव्हते.

धार आली. बुडबुड्याशिवाय, सरळ. यांनी स्क्रू आवळला आणि आत बसले.

सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण उठलं नाही. परत मारला. या वेळी आवाज आणखी बारीक झाला. तिसऱ्यांदा नुसता टकटक आवाज आला आणि बॅटरीने हात टेकले.

"ढकलावी लागेल," हे म्हणाले.

गाडीत ओल्या मातीच्या कुंड्या खचाखच भरलेल्या, ढकलणाऱ्या आम्ही दोघी. मावशींनी पदर खोचला. आम्ही जोर लावला. गाडी वीतभर हलली आणि थांबली. तेवढ्यात मागून दोन तरुण आले, गळ्यात कंपनीच्या फितीची ओळखपत्रं, पाठीवर बॅगा. एकाने काही न विचारता बॅग माझ्या हातात दिली. दुसरा खिडकीशी जाऊन म्हणाला, "काका, सेकंडला टाका, ओके? फर्स्टला जर्क बसतो."

"तुम्ही ढकला," हे आतून म्हणाले, "गिअर मी बघतो."

"काका कूल आहेत," तो मित्राला म्हणाला आणि खांदा लावला.

गाडी हलली, चालायला लागली, थोडी पळायला लागली. यांनी क्लच सोडला. एक जोरदार हिसका बसला, मागे सगळे पाम एकदम डोलले, इंजिन धडधडलं, बंद पडेल असं वाटलं, आणि चालूच राहिलं. हे आता गाडी थांबवणार नव्हते. मी पळत जाऊन दार धरलं आणि चढले. त्या दोघांनी मावशींना मागे अक्षरशः उचलून ठेवलं. बॅग माझ्याच हातात राहिली होती. ती मी खिडकीतून फेकली आणि त्याने झेलली.

हे रस्त्याकडे कमी आणि तेलाच्या दिव्याकडे जास्त बघत होते. तो लागला नाही.

मागचं गेट बंद होतं. रखवालदार फौजेतून आलेला असावा, मिशा तशाच होत्या. "पास तीनपर्यंतचा आहे," तो म्हणाला.

"पास बघितलात, आता गाडी बघा," मी म्हटलं. "झाडं आहेत. पाहुण्यांसाठीच आहेत."

"ऑर्डर आहे, बाई."

यांना इंजिन बंद करता येत नव्हतं, बॅटरी उतरलेली होती. धुराकडे बघून रखवालदाराचा चेहरा आणखी आक्रसला. मी फोन काढला, पण तो लावायची गरज पडली नाही. मॅडम स्वतःच आतून पळत आल्या. त्यांनी टाचांचे बूट हातात घेतले नव्हते एवढंच.

"येरवड्याहून एवढा वेळ?" त्या मला म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "येरवडा मोठा आहे."

त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं, मग रखवालदाराला म्हणाल्या, "सोडा यांना. माझी जबाबदारी."

पुढच्या वेळात काय काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. स्वागतकक्षाची पांढरी फरशी इतकी रिकामी की आवाज घुमत होता. हे गाडीपाशीच थांबून इंजिन चालू ठेवत कुंड्या खाली उतरवून देत होते, यांचे कपडे आत नेण्यासारखे राहिले नव्हते. कंपनीचे दोन सफाई कामगार ढकलगाडीवरून कुंड्या नेत होते. मी जागा दाखवत होते. मावशी मागच्या बोळात बसून नेच्यांची सुकलेली पानं कात्रीने उडवत होत्या. निम्मे नेचे वाचले, निम्मे परत गाडीत गेले. दोन मोठ्या पामांखाली तबकड्या नव्हत्या. मावशींनी स्वतःच्या पिशवीतून जेवणाच्या डब्याची दोन झाकणं काढून खाली सरकवली आणि वर झावळी ओढून घेतली. चौथा मजला रिकामाच राहिला.

पाहुणे आले तेव्हा आम्ही दोघी जिन्याच्या आडोशाला उभ्या होतो. बाहेर जायला वेळ मिळाला नव्हता. पुढे एक उंच गृहस्थ होते. ते चालता चालता पामाशी थांबले आणि त्यांनी हात पुढे केला. असं सगळेच करतात. ऑफिसातलं झाड दिसलं की माणूस नखाने पान दाबून बघतो, खरं आहे का प्लास्टिकचं. मॅडम श्वास रोखून उभ्या होत्या. मीही. गृहस्थांनी पान दाबलं, बोटाला लागलेलं पाणी बघितलं, मॅडमशी काहीतरी बोलले आणि हसले. मॅडमही हसल्या. ते पुढे गेले तशा मॅडमनी मागे हात नेऊन, आमच्याकडे न बघता, पंजा दोनदा हलवला. त्याचा अर्थ 'जा आता' असाही होता आणि 'झालं' असाही. त्या कंपनीत आमची झाडं पुढे बरीच वर्षं राहिली. चौथा मजला दुसऱ्या दिवशी भरला.

संध्याकाळी परतताना हे गाडी अगदी सावकाश चालवत होते, मागे अंडी ठेवल्यासारखी. मी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

पुढचे काही दिवस सकाळचा विधी बंद होता. हे पट्टी काढून बघत, पण मला हाक मारत नसत. मीही विषय काढला नाही. मग एका सकाळी अंगणातून हाक आली. नेहमीपेक्षा मोठी.

"अगं, इकडे ये. लवकर ये."

मी हातातलं काम टाकून गेले. हे पट्टी उजेडात धरून उभे होते.

"बघ," हे म्हणाले. "उतरलंय. खुणेच्या खाली आलंय, केसभर. दिसतंय का?"

मी चष्मा लावला. दिसलं. नाकाशी नेलं. तेलाचाच वास होता.

"प्यायली," हे म्हणाले. सूनबाई पहिल्यांदा पोटभर जेवली अशा थाटात म्हणाले.

"बरं झालं," मी म्हटलं, आणि यादीत 'इंजिनाचं तेल, एक डबा' असं लिहिलं. इतक्या वर्षांत गाडीच्या खर्चाची ओळ मी पहिल्यांदाच कुरकुर न करता लिहिली.